कठडा, निवासी गॅलरीचा

कठडा : वरच्या मजल्यावरील गॅलरी, सज्जा किंवा गच्चीच्या मोकळ्या कडेवरून माणूस पडू नये म्हणून बांधलेला आडोसा. मुंबईच्या चाळींत खोल्यांपुढील सामायिक गॅलरीमुळे लाकडी व लोखंडी कठडे रूढ झाले (→ चाळ, माळवद).

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (2016) कठड्याची उंची किमान 1 मी. असावी लागते. ती तयार फरशीपासून मोजतात. त्यामुळे जुन्या फरशीवर नवी बसवली की कठडा तेवढा बुटका होतो. मात्र केवळ उंचीने सुरक्षितता साधत नाही. आडव्या गजांवर पाय देऊन मूल वर चढते आणि रुंद फटीतून निसटू शकते. अनेक देशांच्या संहितांत म्हणूनच फटीची मर्यादा सुमारे 10 सेंमी. आहे. शिवाय रेलणाऱ्या माणसांचा आडवा भार सोसण्याइतकी बळकटी लागते. तिचे निकष भारतीय मानक 875 (भाग 2) मध्ये आहेत. उंच कठड्याने वारा-उजेड अडतो, हा आक्षेप भरीव भिंतीपुरता खरा आहे. जवळजवळ बसवलेल्या उभ्या गजांनी दोन्ही गरजा भागतात. उंची, फट व बळकटी यांची एकत्रित तपासणी म्हणूनच महत्त्वाची ठरते (→ इमारत संहिता; जिना).