वाघ, करवत आणि हजार तुकडे

जिगसॉ हे मुळात खेळणं नव्हतंच, भूगोलाचा धडा होता. १७६०च्या दशकात लंडनचा जॉन स्पिल्सबरी हा नकाशे कोरणारा कारागीर महोगनीच्या पातळ फळीवर नकाशा चिकटवायचा आणि बारीक करवतीनं देशांच्या सीमांवरून कापायचा. मुलांनी तो पुन्हा जुळवायचा. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांना सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडे अशा कापलेल्या नकाशांचं कपाटच होतं. काम तसं सोपंच, कारण तुकड्याचा आकार हाच देशाचा आकार.

खरी डोकेफोड सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेतली मोठी माणसं लाकडी कोड्यांच्या नादी लागली तेव्हा. खोक्यावर चित्र नसायचंच. त्यात काही कारागीर असे वस्ताद, की रंग जिथे बदलतो नेमकी तीच रेष धरून करवत चालवायचे. एक तुकडा निव्वळ लाल, शेजारचा निव्वळ निळा. दोघांचं नातं कळायला खूणच नाही! पुढे महामंदीत साच्यानं कापलेली पुठ्ठ्याची स्वस्त कोडी आली आणि १९३३च्या सुरुवातीला त्यांचा खप आठवड्याला एक कोटीवर गेला. हाताला काम नव्हतं, वेळ मात्र भरपूर होता.

१९६४ मध्ये स्प्रिंगबोक कंपनीनं जॅक्सन पोलॉकच्या ‘कन्व्हर्जन्स’ या चित्राचं कोडं काढलं. तुकडे अवघे ३४०, पण चित्रात रंगांच्या शिंतोड्यांखेरीज काही नाही. तुकडे किती यापेक्षा चित्र कसलं यावर कोडं अवघड ठरतं, हे तिथे पुरतं सिद्ध झालं.

चार्ली हार्पर (१९२२–२००७) या अमेरिकन चित्रकाराच्या पशुपक्ष्यांची कोडी म्हणूनच भल्याभल्यांना रडवतात. त्याच्या पक्ष्याला पिसं नाहीत, छाया नाही. वर्तुळ, त्रिकोण आणि सपाट रंग. वाघाच्या फोटोत अंगावरचा केससुद्धा दिशा सांगतो. इथे सपाट लाल रंगाचे चाळीस तुकडे एकसारखे. रंग विसरून खाच आणि खुंटी यांच्या आकारावरून तुकड्यांचे ढीग लावणं, एवढाच उपाय.

असं जनावर नाशिक जिल्ह्यातल्या वणीकरांना परकं नाही. वणीहून पश्चिमेला सुरगाणा-पेठच्या बाजूला निघालात की पाड्यांच्या शिवेवर वाघदेव दिसतो. उभी लाकडी फळी किंवा दगड, त्यावर सूर्य, चंद्र, बहुधा नाग, आणि वाघ. वाघाचं अंग एका बाजूनं, शेपूट पाठीवर वळवलेली, वरून शेंदूर. वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, त्याची पूजा होते. गुरं राखणाऱ्यांची दिवाळी तिथून सुरू होते. जंगलातला वाघ ज्यांच्या गुरांवर पडायचा, त्यांनीच त्याला एवढ्या मोजक्या रेषांत बसवलं. हार्परच्या कितीतरी आधी.

आपल्या बाजारात कोड्यांवर परदेशी किल्ले आणि कार्टून यांचीच गर्दी. नाशिकच्या एखाद्या खेळणीवाल्यानं वाघदेवाचं पाचशे तुकड्यांचं कोडं काढावं. मात्र शेंदूर लागलेल्या देवाचा फोटो काढून त्याला परस्पर कात्री लावू नये. पाड्यावरच्या कुणा चित्रकाराकडून नवं चित्र काढून घ्यावं, त्यावर त्याचं नाव छापावं आणि पैसेही त्यालाच द्यावेत.