मूल बोलायला कधी लागतं? घरात दोन-तीन भाषा असतील तर काय करावं?

बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान दिली जाते. त्या वेळी त्याचे कान चालू असतात का? हो. आईच्या पोटात असतानाच, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून, बाळाला आवाज येऊ लागतो. म्हणूनच जन्मल्यावर ते इतर बायकांच्या आवाजापेक्षा आईच्या आवाजाकडे जास्त ओढलं जातं. बोलण्याची सुरुवात ही अशी ऐकण्यातून होते.

पुढचा हिशेब ढोबळ आहे. सहा-सात महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं. वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि 'अम्मी ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडणी. तिसऱ्या वर्षी घराबाहेरच्या माणसालाही बरंचसं समजावं. रोटीला 'लोटी' म्हणणं मात्र चार-पाच वर्षांपर्यंत चालतं, त्याची काळजी नको.

आता आपल्या घरांतला खास प्रश्न. नानी दख्खनीत बोलते, कोकणातल्या घरात कोकणी चालते, शेजारी आणि अंगणवाडीत मराठी, शाळा इंग्रजी किंवा उर्दू माध्यमाची. त्यात मकतबमध्ये कायदा सुरू. मूल उशिरा बोललं की लगेच कुणीतरी सांगतं, "इतक्या भाषा कशाला, एकच बोला." हा सल्ला चुकीचा आहे असं आम्ही स्पष्ट लिहितो. जास्त भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. बिल्ली आणि मांजर दोन्ही म्हणत असेल तर ते दोन शब्द झाले. 'मला पानी पायजे, जल्दी' अशी खिचडीही ठीकच. मोठी माणसं तरी वेगळं काय बोलतात!

उलट लहानपणी कानावर पडलेली भाषा मोलाची असते. कॅनडात १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतला त आणि ट ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, वर्षाची होईपर्यंत तो जवळजवळ कुणालाच कळेना. जी भाषा कानावर पडत नाही तिचे बारकावे कान सोडून देतो. म्हणून आईने तिला मनापासून येते त्याच भाषेत बोलावं, मोडक्या इंग्रजीत नव्हे.

मोबाइलचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास. कार्टून मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही. दादी देते.

खरी चूक होते ती थांबण्यात. "याचे अब्बाही उशिरा बोलले", "मुलगे उशिराच बोलतात" असं म्हणत घरं तीन-तीन वर्षं काढतात, आणि मग कळतं की मुलाला नीट ऐकूच येत नव्हतं. दरवाजा आपटल्यावर दचकतं म्हणजे बोलणं ऐकू येतं असं नाही. वर्षाचं होऊन हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, दीड वर्षात एकही शब्द नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल तर आधी कानाची तपासणी करून घ्या. आलेले शब्द गेले असतील तर कुठल्याही वयात लगेच डॉक्टरकडे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचतं, तेव्हाही कमी ऐकू येतं. कानात तेल घालू नका.

नवजात बाळाचीही तपासणी होते. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत, सुई न टोचता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला विचारा. पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण याच कामासाठी आहे. (अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते.) जाताना मुलाला येणाऱ्या शब्दांची यादी, सगळ्या भाषांतली, कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.