प्रिंटरची भाषा

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला प्रिंटर जोडावा, छपाईची आज्ञा द्यावी आणि यंत्राने एक तर मौन धारण करावे किंवा अगम्य चिन्हांनी भरलेले कागदांवर कागद बाहेर टाकावेत, हा प्रकार पुष्कळांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी सारा दोष लिनक्सच्या माथी मारला जातो. परंतु या तंट्याचे मूळ लिनक्सच्या जन्माआधीचे आहे. आणि ते यंत्राच्या बिघाडात नसून ज्ञानाच्या मालकीत आहे.

प्रत्येक प्रिंटरची स्वतःची एक भाषा असते. संगणकातील मजकूर त्या भाषेत उतरवून देणाऱ्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाषा नसेल तर दोन शहाणी माणसेही समोरासमोर मुकी बसतात. तीच गत या दोन यंत्रांची होते.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने दिलेला लेसर प्रिंटर आला. तेथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत एक सोय केली होती : कागद अडकला की खोळंबलेल्यांना संगणकावर तशी सूचना मिळे. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र कंपनीने दिलीच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकापाशी ती आहे असे कळताच स्टॉलमन त्याला भेटले. पण ती कोणासही न देण्याच्या कराराने तो बांधलेला होता. तो नकार स्टॉलमन यांच्या जिव्हारी लागला. १९८३ साली त्यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागील प्रेरणांत ते या प्रसंगाचा आवर्जून उल्लेख करतात. १९९१ मध्ये फिनलंडमधील लायनस टॉरवल्ड्स यांनी लिहिलेला लिनक्सचा गाभा याच ग्नूच्या साधनांशी जोडला गेला. म्हणजे लिनक्सच्या पूर्वेतिहासातच एका प्रिंटरचे भांडण आहे.

मधल्या काळात, १९८४ साली, अ‍ॅडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आली. ती जाणणारे प्रिंटर महाग असत. १९८८ पासून मिळू लागलेल्या घोस्टस्क्रिप्ट या आज्ञावलीने तिचा उलगडा संगणकातच करून साध्या प्रिंटरांचीही सोय केली. परंतु नव्वदीच्या दशकात स्वस्ताईसाठी अनेक प्रिंटरांतील बुद्धी काढून ते काम विंडोजवर सोपविण्यात आले. लिनक्ससाठी ड्रायव्हर नाही आणि यंत्राची भाषाही गुप्त! हौशी मंडळींनी संगणकातून प्रिंटरकडे जाणारे संदेश तपासून अशा कित्येक भाषा ताडल्या, ही गोष्ट सामान्य नव्हे.

१९९९ मध्ये मायकेल स्वीट यांची कप्स ही छपाईव्यवस्था प्रसिद्ध झाली. २००२ मध्ये अ‍ॅपलने ती आपल्या संगणकांत स्वीकारली. पुढे २०१० साली अ‍ॅपलने एअरप्रिंट आणले. खिशातल्या फोनमध्ये प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर भरणे शक्य नव्हते. तेव्हा प्रिंटरनेच सर्वांना समजेल अशी भाषा बोलावी, असे ठरले. लिनक्सवाल्यांच्या वर्षानुवर्षांच्या आर्जवांनी जे झाले नाही, ते फोनच्या खपाने झाले. असे प्रिंटर आज लिनक्सवर बहुधा ड्रायव्हरवाचूनच चालतात.

अडचण आली असता तपासणीचा क्रमही या इतिहासातूनच मिळतो. प्रथम पाहावे, प्रिंटर एअरप्रिंट जाणतो काय? जाणत असेल तर कंपनीचा ड्रायव्हर काढून टाकून प्रिंटर नव्याने जोडावा. कागदावर अगम्य चिन्हे उमटली, तर दुभाषा चुकीचा आहे असे समजून यादीतून नेमके मॉडेल निवडावे. ‘फिल्टर फेल्ड’ अशी नोंद दिसल्यास बहुधा दुभाष्याचा एखादा भाग गहाळ असतो, किंवा तो दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी बनविलेला असतो. इंटेलसाठी केलेला बंदिस्त ड्रायव्हर रास्पबेरी पायवर चालत नाही, तो याच कारणाने. कप्स आपल्या नोंदवहीत अशा चुका टिपून ठेवते. ती वाचल्यावाचून पुन्हा पुन्हा आज्ञा देणे व्यर्थ होय. आणि एकदा चूक घडल्यावर थांबविलेली छपाईची रांग कारण दूर झाल्यावरही आपोआप सुरू होईलच असे नाही; ती हाताने सुरू करावी लागते.

प्रश्न उरतो तो जुन्या यंत्रांचा. कप्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या ड्रायव्हरांना स्थान नाही. त्यांच्यासाठी ‘प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन’ नावाचा मध्यस्थ योजला आहे. तो संगणकाशी नव्या भाषेत आणि यंत्राशी जुन्या भाषेत बोलतो. पण ज्याची भाषा कोणी उघड केली नाही, त्याच्यासाठी मध्यस्थ तरी कोण लिहिणार? जुन्यातले जे प्रिंटर पुढेही छापत राहतील, ते प्रामुख्याने ज्यांची भाषा कोणीतरी वेळीच लिहून सर्वांच्या हाती ठेवली तेच असतील. इतर कित्येक धडधाकट असूनही भंगारात जातील.