सातांपैकीं एकाची कबर

नेदरलंड्स देशाच्या उत्तर किनाऱ्यावर हार्लिंगेन नांवाचें एक जुनें बंदर आहे. तेथील सार्वजनिक दफनभूमींत जेम्स मॅक्डॉवेल या सैनिकाची कबर आहे. कॅनडाच्या हवाई दलांतला हा माणूस एका बाँबफेकी विमानाच्या शेपटाकडे बसून मशिनगन चालवीत असे. दुसऱ्या महायुद्धांत पडलेल्या त्या विमानांतील सातही जणांच्या कबरी शोधून काढाव्या, अशा हेतूनें आम्ही जुन्या नोंदी चाळावयास बसलों, आणि हातीं लागली ती ही एकच कबर.

१६ मे १९४३ च्या रात्रीं इंग्लंडमधील स्कॅम्प्टन येथील तळावरून ६१७ व्या स्क्वाड्रनचीं १९ लँकेस्टर विमानें जर्मनीच्या रूर भागांतील कारखान्यांना पाणी व वीज पुरविणारीं धरणें फोडण्यास निघालीं. प्रत्येकांत सात, म्हणजे एकंदर १३३ माणसें. म्योने व एडर हीं धरणें फुटलीं. आठ विमानें परत आलीं नाहींत; ५३ जण मेले, तिघे कैद झाले. ही कथा १९५५ च्या चित्रपटामुळें सर्वतोमुखीं झालेली असल्यानें तिची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. आमचें विमान व्हर्नन बायर्स या कॅनडियन वैमानिकाचें. तें सोर्पे धरणाकडे निघालें होतें, परंतु जर्मनीपर्यंतसुद्धां पोंचलें नाहीं. रात्रीं अकराच्या सुमारास टेक्सेल बेटाजवळ विमानविरोधी तोफांनीं त्यास टिपलें व तें वाडन समुद्रांत कोसळलें. २२ जूनला, म्हणजे सवा महिन्यानें, मॅक्डॉवेलचा देह पाण्यावर सांपडला. इतर सहांचा कधींच सांपडला नाहीं.

त्याच रात्रीं मेल्व्हिन यंग याचें विमान म्योने धरण फोडण्यांत भाग घेऊन परततांना कास्ट्रिकमजवळ समुद्रांत पडलें. पुढील दोन आठवड्यांत त्यांतले सातही देह किनाऱ्यास लागले व बर्गेन गांवीं त्यांच्या कबरी झाल्या. समुद्र तोच, रात्र तीच. पण हिशेब किती निराळा!

बायर्स व त्याचे पांच सोबती यांचीं नांवें रनिमीड येथील भिंतींवर आहेत. कबर नसलेल्या वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांसाठीं १९५३ सालीं हें स्मारक खुलें झालें. रनिमीड म्हटलें कीं १२१५ सालचा जॉन राजा व मॅग्ना कार्टा, एवढेंच आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों. त्याच कुरणावरच्या टेकडीवर अशीहि एक यादी कोरली आहे, हें आम्हांस पन्नाशीनंतर कळावें याची थोडी लाज वाटते.

शोधकाची खरी अडचण येथें सुरू होते. कबरींच्या नोंदवह्या दफनभूमि आणि आडनांव यांच्या क्रमानें लावलेल्या असतात; विमानाच्या क्रमानें नव्हे. एका क्षणीं, एकाच पत्र्याच्या कवचांत मेलेलीं माणसें कागदावर दूरदूर जाऊन पडतात. तारीख आणि स्क्वाड्रनचा क्रमांक हीं दोन सूत्रें धरून त्यांना पुन्हा एकत्र आणावें लागतें, आणि लंडनजवळ क्यू येथें जपलेल्या स्क्वाड्रनच्या रोजनाम्याशीं तें ताडून पाहावें लागतें.

युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलानें बेपत्तांच्या शोधासाठीं जें खातें चालविलें, त्याचें काम याहून शतपट कठीण होतें. बेपत्ता सुमारें ४२ हजार. खात्याचे अधिकारी गांवोगांव हिंडत. पाद्री, नगराध्यक्ष, शेतकरी यांना विचारीत. कबर उघडून एंजिनावरील क्रमांक, बोटांतील अंगठी, कपड्यांवरील धोब्याची खूण यांवरून नांव ठरवीत. धोब्याच्या खुणेनें माणसाचें नांव परत मिळावें! १९५० च्या अखेरीपर्यंत निम्म्याहून अधिक बेपत्तांच्या कबरी निश्चित झाल्या. जर्मनींत विखुरलेल्या कबरी मोठ्या दफनभूमींत हलविण्यांत आल्या. याच हल्ल्यांतील बिल ॲस्टेल व त्याचे सोबती प्रथम बोर्केन येथें पुरले होते. आतां ते राइक्सवाल्ड येथें आहेत.

येथवर आलों तेव्हां त्या रात्रीच्या इतर मृतांविषयीं विचारणें भाग पडलें. फुटलेल्या धरणांखालीं तेराशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत निम्म्याहून अधिक परदेशी कैदी व वेठबिगार होते. नेहाइमजवळच्या छावणींत सोव्हिएट मुलखांतून धरून आणलेल्या शेंकडों स्त्रिया पाण्यांत बुडाल्या. ज्यांनीं त्यांना तेथें कोंडलें ते त्यांचे शत्रु, आणि ज्यांनीं धरण फोडलें ते त्यांच्या देशाचे दोस्त. वैमानिकांच्या धैर्याविषयीं आमचा आदर यानें कमी होत नाहीं. परंतु त्या ५३ जणांपैकीं प्रत्येकाचें नांव दगडावर वाचतां येतें, ही गोष्ट या स्त्रियांच्या शेजारीं ठेवून पाहिली म्हणजे मन अस्वस्थ होतें.

बायर्सच्या विमानांतील सातहि नांवें आम्हीं वहीच्या एका पानावर उतरून घेतलीं आहेत. नेहाइमच्या स्त्रियांचीं नांवें मिळविण्याचा उद्योग अद्याप चालू आहे.