ल पेल्तिए यांचे मृत्युशय्येवरील व्यक्तिचित्र (तार्द्यू)

ल पेल्तिए यांचे मृत्युशय्येवरील व्यक्तिचित्र हे फ्रेंच उत्कीर्णक पिएर-अलेक्सांद्र तार्द्यू (१७५६–१८४४) यांनी जाक-लुई दाविद यांच्या १७९३ मधील तैलचित्रावरून कोरलेले मुद्राचित्र आहे. मूळ तैलचित्र आज उपलब्ध नाही. मुद्राचित्राची एक फाटलेली प्रत पॅरिसमधील फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आनातोल दव्होज या दाविदांच्या शिष्याने केलेले रेखाचित्र दिजों येथील संग्रहालयात आहे. मूळ चित्राची कल्पना मुख्यतः या दोन कृतींवरून येते.

पार्श्वभूमी

लुई-मिशेल ल पेल्तिए द सँ-फार्जो (१७६०–१७९३) हे सरदार घराण्यातील विधिज्ञ होते. राष्ट्रीय अधिवेशनाचे सदस्य म्हणून त्यांनी सोळाव्या लुईच्या देहदंडाच्या बाजूने मत दिले. त्यामुळे २० जानेवारी १७९३ रोजी पाले-रॉयाल येथील एका उपाहारगृहात राजाच्या माजी अंगरक्षकाने त्यांची हत्या केली. दुसऱ्याच दिवशी राजाचा शिरच्छेद झाला. २४ जानेवारीला ल पेल्तिए यांचा देह, जखम दिसेल अशा रीतीने, व्हांदोम चौकातील चौथऱ्यावर ठेवण्यात आला. याच चौथऱ्यावर पूर्वी चौदाव्या लुईचा अश्वारूढ पुतळा होता. या समारंभाची मांडणी दाविदांची होती. त्यानंतर देह पँथिऑनमध्ये नेण्यात आला. दाविदांनी २९ मार्च रोजी तैलचित्र अधिवेशनाला अर्पण केले.

चित्राचा अर्थ

ल पेल्तिए उशांना टेकून पहुडलेले असून शरीराचा वरचा भाग उघडा आहे. दाविदांनी १७८३ मध्ये रंगवलेल्या मृत हेक्टरशी या देहाचे साम्य आहे. नव-अभिजाततावादी शैलीत प्राचीन वीराचे असे रूप समकालीन व्यक्तीला देणे म्हणजे तिला नागरी सद्गुणांचा आदर्श ठरवणे होय. मूळ चित्रात देहावर बारीक धाग्याने लोंबणारी तलवार होती आणि राजाला मृत्युदंड देण्याचे मत लिहिलेला कागद तिने भेदलेला होता. हत्येचे कारण असलेले मत येथे हौतात्म्याचा पुरावा बनते. दाविदांनीही तेच मत दिले होते. त्यामुळे ही श्रद्धांजली त्यांच्या स्वतःच्या राजकीय निर्णयाचे समर्थनही ठरते.

मूळ चित्राचा लोप

तैलचित्र दाविदांच्याच ‘मारा’च्या चित्रासोबत अधिवेशनाच्या सभागृहात लावलेले होते. रोबेस्पिएर यांच्या पतनानंतर, १७९५ मध्ये, ते काढण्यात आले. राजेशाही परतल्यावर दाविद १८१६ मध्ये ब्रुसेल्सला निर्वासित झाले आणि १८२५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ल पेल्तिए यांची कन्या सुझान हिला १७९३ मध्ये राष्ट्राने दत्तक घेतले होते. पुढे ती राजनिष्ठ झाली. तिने १८२६ मध्ये हे चित्र दाविदांच्या वारसांकडून विकत घेतले आणि त्यानंतर ते कधीही सार्वजनिकरीत्या दिसले नाही. तिने ते नष्ट केले की सँ-फार्जो येथील वाड्यात दडवले, याविषयी मतभेद आहेत. मुद्राचित्राचा ताम्रपट आणि प्रतीही तिने नष्ट करविल्या, असे सांगितले जाते.

महत्त्व

तैलचित्र एका भिंतीपुरते असते, तर मुद्राचित्राच्या अनेक प्रती दूरवर पोहोचू शकतात. म्हणून क्रांतिकाळात मुद्राचित्रे प्रचाराचे प्रभावी साधन होती. मात्र उत्कीर्णनात रंग लुप्त होतात आणि छपाईत उजवी-डावी बाजू बदलू शकते. यामुळे तार्द्यू यांची कृती मूळ चित्राची तंतोतंत नक्कल मानता येत नाही. राजहत्येच्या समर्थनाची स्मृती पुसण्याच्या प्रयत्नांतून वाचलेला साक्षीपुरावा म्हणून तिचे मोल आहे आणि तिची फाटलेली अवस्था हाही त्या इतिहासाचाच भाग आहे.