रेल्वेचं कोणतं काम सरकारकडे, कोणतं ठेक्यावर? आर्वीच्या शकुंतलेपासून चौथ्या लाईनपर्यंत

जाम (ता. समुद्रपूर) : जामच्या चौरस्त्यावरून नागपूर, हैदराबाद, चंद्रपूर कुठंही जाता येते, पण रेल्वे पकडायची तर हिंगणघाट नाहीतर सेवाग्राम गाठावं लागते. तरी पानटपरीवर रेल्वेचा वाद रोजचाच. एक म्हणतो सगळं विकून राहिले, दुसरा म्हणतो खासगी केल्याशिवाय सुधारणार नाही. ठेक्यावर रेल्वे दिली की काय होते, हे पाहायला मात्र लांब जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात ते होऊन गेलं आहे.

पुलगाव-आर्वी ही 35 किलोमीटरची छोटी लाईन 1917 मध्ये सुरू झाली. यवतमाळ-मूर्तिजापूर (1903) आणि मूर्तिजापूर-अचलपूर (1913) या तिच्या मोठ्या बहिणी. लोकं या सगळ्यांना शकुंतलाच म्हणतात. कापसाच्या गाठी मोठ्या लाईनपर्यंत आणायच्या, तिथून मुंबई आणि पुढं इंग्लंडच्या गिरण्या, एवढाच हेतू. मालकी किलिक निक्सन या इंग्रजी पेढीने काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. गाड्या मात्र आधी जीआयपी रेल्वेने चालवल्या, नंतर मध्य रेल्वेने. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही लाईन मात्र कंपनीच्याच नावावर राहिली.

म्हणजे रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. बटईने केलेल्या वावरात विहीर कोण बांधते? तसंच इथं झालं. नवे रूळ, नवे पूल यावर मोठा पैसा घालायला ना मालक पुढं आला ना चालवणारा. यवतमाळच्या गाडीला 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत होतं. डिझेल इंजिन आलं, पण खालचे रूळ तेच, त्यामुळे वेग शेवटी तासाला 20 किलोमीटरवर आला. आर्वीची गाडीही बंद पडली. खासगी म्हणून ती बुडाली असं मी म्हणणार नाही. दुरुस्तीचा खर्च कोणाच्या अंगावर, हेच नीट बांधलेलं नव्हतं.

उलटा दाखलाही आहे. खुद्द जीआयपी कंपनीला 1849 च्या करारात भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी होती. कमाई कमी पडली तर भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी इथल्या शेतसाऱ्यातून. मग खर्चात काटकसर कोण करते? 1925 मध्ये सरकारने ती रेल्वे आपल्या हाती घेतली.

आज इंजिनचालक, गार्ड, स्टेशन मास्तर, सिग्नल हे रेल्वेच्याच हाती आहे. ठेक्यावर आहे ते डबे-स्टेशनची सफाई, चादरी-ब्लँकेट धुणं, गाडीतलं जेवण आणि नव्या लाईनची बांधकामं. छोट्या हॉल्टवर तिकीटही कमिशनवाला एजंट विकतो. गाडीतली पार्सलची जागासुद्धा भाड्याने दिली जाते. 2015 मध्ये बिबेक देबरॉय समितीने सांगितलं होतं, की रेल्वेने गाड्या चालवण्यावर लक्ष द्यावं, शाळा, दवाखाने, जेवण असली कामं वेगळी काढावी. म्हणणं बरोबर वाटते. पण नुसता ठेका दिला म्हणजे काम झालं असं नाही. 2017 मध्ये कॅगच्या अहवालात रेल्वेतल्या जेवणावर जे ताशेरे आले ते वाचून डबा घरूनच न्यावा वाटते. देखरेख ठेवणारा माणूस कमी केला की ठेकेदार तरी कशाला जपून काम करेल?

पूर्ण गाड्याच खासगी कंपन्यांना द्यायचा बेतही झाला. 2020 मध्ये 109 मार्गांवर 151 गाड्यांसाठी अर्ज मागवले, पण कंपन्यांचा प्रतिसाद थंड राहिला आणि बेत मागं पडला.

आता आधुनिकीकरणाचं. आपल्या जिल्ह्यात खरी अडचण जागेची आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग वर्धा-सेवाग्रामजवळ एकत्र येतात, त्यात चंद्रपूरकडचा कोळसा. जुन्या सिग्नल पद्धतीत दोन स्टेशनांच्या मधात एका लाईनवर एका वेळी एकच गाडी सोडता येते. पुढची निघेपर्यंत मागची थांबून राहते, आणि सुपरफास्टला वाट द्यायला बाजूच्या लाईनवर टाकली जाते ती मालगाडी नाहीतर पॅसेंजर. ऑटोमॅटिक सिग्नल असले तर मधात टप्पे पडतात आणि एकामागं एक गाड्या धावतात. लाईनच वाढवली तर आणखी बरं.

म्हणून वर्धा-बल्लारशा चौथ्या लाईनला (135 किलोमीटर) 28 मे 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. वर्धा-भुसावळ तिसऱ्या-चौथ्या लाईनला (314 किलोमीटर) ऑक्टोबर 2025 मध्ये. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लाईनचा कळंबपर्यंतचा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. देवळीला गाडी आली, हे चांगलंच झालं.

पण वाढलेली जागा कोणाला मिळणार, हा प्रश्न हिंगणघाट-समुद्रपूरच्या लोकांनी आताच विचारला पाहिजे. कोळशाच्या गाडीतून रेल्वेला पैसा मिळतो, पॅसेंजरमधून तोटाच. सप्टेंबर 2024 मध्ये नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली तेव्हा तिचे थांबे सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशा असे ठेवले. हिंगणघाटवरून ती सरळ निघून गेली. अमृत भारत योजनेत हिंगणघाट स्टेशनचं रूप बदलते आहे, पण स्टेशन कितीही चकचकीत झालं तरी सकाळी नागपूरला जाणाऱ्या पोराला गाडीच लागते. जमीन चौथ्या लाईनला आपल्याच भागातली जाणार असेल, तर थांब्यांची आणि लोकल गाड्यांची मागणी खासदारांकडे, विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे लेखी द्यावी. तोंडी सांगितलेलं फायलीत जात नाही.

सफाई, चादर, जेवण यांची तक्रार असेल तर ठेकेदाराच्या माणसाशी भांडण्यात अर्थ नाही. 139 वर फोन करा किंवा रेल मदद ॲपवर टाका. आरक्षण असेल तर पीएनआर, नसेल तर गाडी नंबर, डबा नंबर आणि वेळ सांगा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.