आवळा म्हणजे नेमके काय आवळा?

खोकला, शिंक किंवा जोराचे हसू आले की लघवीचे थेंब गळतात, ही तक्रार बाळंतपण झालेल्या पुष्कळ स्त्रियांना असते. ‘आता वयाप्रमाणे व्हायचेच’ म्हणून ती घरात बोलली जात नाही, दवाखान्यात तर त्याहून नाही. या तक्रारीवर शस्त्रक्रियेशिवाय उपाय कसा सापडला, ही हकिगत शिक्षकांनी वाचावी अशी आहे. कारण मुळात ती शिकवण्याचीच हकिगत आहे.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिचा आधार असतो. खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो. झोळी घट्ट असेल तर मूत्रमार्ग तिच्यावर दाबला जाऊन मिटतो. बाळंतपणात ती ताणली गेली आणि सैलच राहिली, तर तो पुरता मिटत नाही.

मग स्नायू बळकट करावा! लंडनमध्ये मार्गारेट मॉरिस आणि मिनी रँडेल यांनी बाळंतिणींसाठी व्यायामाचे पुस्तक १९३६ मध्येच काढले होते. नाव मात्र राहिले ते अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांचे.

केगेल यांनी ओळखलेली अडचण अशी : दंड फुगवला तर दिसतो, हा स्नायू दिसत नाही. ‘आवळा’ म्हटले की कुणी पोट आत ओढते, कुणी मांड्या जुळवते, कुणी श्वास कोंडून खाली जोर करते, म्हणजे अगदी उलटेच! म्हणून त्यांनी योनिमार्गात ठेवायची रबरी नळी दाबमापकाला जोडली. योग्य स्नायू आवळला की काटा हलायचा, आणि तो त्या बाईला स्वतःला दिसायचा. दिवसातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटे हा व्यायाम ते सांगत. त्यांचा निबंध १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

(आपल्याकडे कुणी म्हणेल, हा तर मूलबंध! स्नायू बराचसा तोच, पण तिथे हेतू अपान वर खेचण्याचा. बाळंतिणीचा विचार त्यात नव्हता.)

पुढे केगेल यांचे नाव जगभर गेले आणि काटा मागे पडला. उरली तोंडी सूचना. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सांगून, मग उपकरणाने तपासले गेले. २३ जणींना नीट जमले. १२ जणी मात्र असे काही करत होत्या की त्याने गळती वाढावी. आपल्या वर्गात ‘समजले का?’ विचारल्यावर येणारा ‘हो’ मला इथे आठवतो.

नीट शिकवले तर गुण किती? खोकल्या-शिंकेसरशी होणाऱ्या गळतीवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये निघाला. व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी तक्रार गेल्याचे सांगितले. न करणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांनी.

आज फिजिओथेरपिस्ट बोटाने तपासूनही हे शिकवतात. लघवीची धार मध्येच अडवून स्नायू ओळखता येतो, पण ते एखाद्या वेळीच. रोज तसे करू नये. मूत्राशय पुरते रिकामे होत नाही.